आजोबांच्या ट्रंकेतलं '४८ आय/७': कॅसलरॉकचा हा नकाशा कधीचा असेल?

काळीनदी

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात बेळगावचं जुनं घर रिकामं करायला घेतलं. माळ्यावर आजोबांची पत्र्याची ट्रंक निघाली. आत एक कोट, रेल्वेच्या पगाराच्या पावत्या, पितळी बिल्ला आणि सगळ्यात खाली घडी घातलेला एक नकाशा. कापडावर चिकटवलेला आहे, म्हणून घड्यांवर फाटलेला नाही. उजव्या वरच्या कोपऱ्यात '४८ आय/७'. नकाशाचा भाग साधारण सतरा इंच लांब-रुंद, प्रमाण एक इंचाला एक मैल. डाव्या कडेपासून साडेपाच इंच आत आलं की काळ्या रेषेवर छोटा चौकोन, आणि शेजारी 'कॅसल रॉक'.

आजोबा तिथे रेल्वेच्या पी.डब्ल्यू.आय. (रुळांची देखभाल बघणारा इन्स्पेक्टर) ऑफिसात क्लार्क होते. माझे बाबा आणि आत्या तिथल्या क्वार्टरमध्ये जन्मले. तेव्हा कॅसलरॉक हे हिंदुस्थानचं शेवटचं स्टेशन. पुढे घाट उतरला की पोर्तुगीजांचं कुळे. 'एका गाडीत दोन राज्यं' असं आजोबा म्हणायचे.

अडचण अशी की नकाशाचा खालचा समास आणि डावा खालचा कोपरा वाळवीने खाल्लाय. म्हणजे छपाईचं सालही गेलं आणि दूधसागरही गेला. हा कागद कुठल्या सालचा, हे उरलेल्या भागावरून कळेल का? दुसरं, कॅसलरॉकची कस्टमची शेड नेमकी कुठे होती? आजोबांच्या निम्म्या गोष्टी तिथे घडायच्या. नकाशावर मला ती सापडत नाही. आणि तिसरं, कुणीतरी पेन्सिलने खुणा केल्यात. कॅसलरॉकपासून तिनईघाटाच्या दिशेने रुळावर आडव्या रेघा, आणि स्टेशनाजवळ एका ठिकाणी छोटं वर्तुळ. त्याचा अर्थ काय असावा?

जाणकारांनी कृपया मदत करावी. माझ्यासाठी हा नुसता कागद नाही.

मीटरगेज

वाचनखूण साठवली. फोटो टाका हो लवकर!

नकाशानवीस

काळीनदी, ट्रंक उघडल्याबद्दल आधी अभिनंदन. मी छत्तीस वर्षं नकाशे रेखाटण्यात घालवली, त्यामुळे हा धागा वाचून हात शिवशिवले.

पहिली गोष्ट शीटच्या नंबराची. ४८ हे चार अंश बाय चार अंशांचं मोठं शीट. त्याचे सोळा भाग, ए ते पी. त्यातला 'आय' म्हणजे १५ ते १६ उत्तर अक्षांश आणि ७४ ते ७५ पूर्व रेखांश. त्याचे पुन्हा सोळा भाग, वरून खाली मोजत जायचे. सातवा म्हणजे दुसऱ्या उभ्या ओळीतला तिसरा, १५°१५' ते १५°३०' आणि ७४°१५' ते ७४°३०'. कॅसलरॉक साधारण १५°२४', ७४°२०' वर आहे, म्हणजे तुमचं साडेपाच इंचांचं माप बरोबर जुळतं. ही नंबर देण्याची पद्धत १९०५ च्या सर्वेक्षण समितीनंतरच्या नव्या मालिकेतली. म्हणजे नकाशा त्याआधीचा नाही, एवढं आत्ताच सांगतो.

शेवटची हद्द अशी लावा. प्रमाण इंच-मैलाचं आहे, म्हणजे मेट्रिकपूर्वीचा. नंतर सर्व्हे ऑफ इंडियाने १:५०,००० धरलं. जुना एक इंची नकाशा म्हणजे १:६३,३६०, कारण एका मैलात ६३,३६० इंच.

आता भिंग घ्या आणि तीन जागा बघा. वरच्या समासात डावीकडे प्रांताचं नाव असतं. 'बॉम्बे प्रेसिडेन्सी' असेल तर १९३७ च्या आधीचा असण्याची शक्यता जास्त. 'बॉम्बे प्रॉव्हिन्स' असेल तर १९३७ नंतर आणि १९५० च्या आत. 'बॉम्बे स्टेट' असेल तर १९५० नंतर. उत्तर कानडा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून म्हैसूरला गेला, तेव्हा 'म्हैसूर' दिसलं तर गोष्टच निराळी. दुसरी जागा रेल्वेरेषा उजव्या कडेला बाहेर पडते तिथली. तिथे कंपनीचं नाव लिहिलेलं असतं. 'एस. एम.' (सदर्न मराठा) की 'एम. अँड एस. एम.' (मद्रास अँड सदर्न मराठा) की 'सदर्न', ते बघा. तिसरी जागा सगळ्या नकाशावर पसरलेली आहे. अक्षांश-रेखांशांखेरीज आणखी एक चौकटीची जाळी छापलेली दिसते का?

एक मात्र लक्षात ठेवा. नकाशाला दोन वयं असतात, एक मोजणीचं आणि एक छपाईचं. डोंगर एकदा मोजला की पुन्हापुन्हा कोण मोजतो? वर रस्ते, नावं, हद्दी तेवढ्या दुरुस्त करून नवीन आवृत्ती काढायचे. आपण शोधतोय ते छपाईचं वय.

गोंयकार कुळेचा

वा! आमच्या गावचा धागा!

मी कुळ्याचाच. घाटाखालचा. तुम्हाला वरच्या कस्टमची आठवण, आम्हाला खालच्या 'आल्फांदेग'ची. पोर्तुगीज अमलात गाडी कुळ्याला थांबायची, सामान उतरायचं, उघडायचं, पुन्हा बांधायचं. वर गेली की कॅसलरॉकला तेच परत. आजी सांगायची की माहेरी धारवाडला जाताना ती लाडूंचा डबा मुद्दाम सगळ्यात वर ठेवायची. शिपाई डबा उघडायचा, दोन लाडू उचलायचा आणि खालचं काही बघायचा नाही. खाली काय असायचं ते मात्र तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

स्टेशनांची नावं तोंडपाठ आहेत आम्हाला, वरून खाली: कॅसलरॉक, करंजोळ, दूधसागर, सोनावळी, कुळे. तुमच्या वाळवीने नेमकं आमचं गोवं खाल्लं म्हणायचं!

मिरजकर

वाळवी पोर्तुगीजविरोधी होती. १९६१ ची वाट बघायला तयार नव्हती :)

इतिहासवाचक

कस्टमच्या प्रश्नाला एक वेगळाच पदर आहे, तो सांगतो.

ही लाईन ज्या करारातून आली तो इंग्रज-पोर्तुगीज करार २६ डिसेंबर १८७८ चा. १८८० पासून बारा वर्षांसाठी अमलात आला. त्यात गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यातली जकात उठवली गेली. बदल्यात गोव्याच्या मिठाच्या उत्पादनावर इंग्रजांचं नियंत्रण आलं आणि गोवा सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. मुरगाव बंदर आणि हद्दीपर्यंतची रेल्वे ही त्याच व्यवहारातली. वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वेची ५१ मैलांची लाईन १८८८ पर्यंत वरच्या सदर्न मराठा रेल्वेला येऊन भिडली.

आता गंमत बघा. गाडी सुरू झाली तेव्हा हद्दीवर जकातच नव्हती! करार १८९२ च्या जानेवारीत संपला, पुन्हा वाढवला गेला नाही, आणि मग जकातीची भिंत परत उभी राहिली. म्हणजे कॅसलरॉक हे मुळात अडवणुकीचं स्टेशन म्हणून बांधलंच नव्हतं. ते घाटमाथ्यावरचं, इंजिनं जोडायचं-सोडायचं ठिकाण होतं. अडवणूक मागाहून आली. तेव्हा तुमची कस्टमची शेड मूळ आराखड्यातली नसावी, जागा मिळेल तिथे नंतर बसवलेली असावी, असा माझा तर्क आहे.

पणजीची मैना

इतिहासवाचक, तुम्ही 'मिठावर नियंत्रण' म्हणून एका वाक्यात सोडून दिलंत. मी मिठागरवाल्यांच्या घरातली आहे. गोव्याचं मीठ घाटावर बैलांच्या पाठीवरून शेकडो वर्षं जात होतं. त्या करारानंतर आमच्यासारख्या घरांचं कंबरडं मोडलं. रेल्वे आली खरी, पण ती आमच्यासाठी आली नव्हती. आमची माणसं तिच्यात बसून मुंबईला नोकरीला गेली, एवढाच तिचा उपयोग झाला. चार लाख रुपये सरकारला मिळाले, मिठागरांना नाही.

इतिहासवाचक

ताई, मान्य. मी हिशोब सरकारच्या बाजूने मांडला, तुम्ही घराच्या बाजूने मांडलात, आणि तुमचा जास्त खरा आहे. एवढंच जोडतो की वरच्या बाजूलाही रेल्वे आली ती दुष्काळातून. १८७६-७८ च्या दुष्काळात धान्य पोचवायला वाटच नव्हती, म्हणून १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली. 'सदर्न मराठा कंट्री' म्हणजे आपलं कोल्हापूर-बेळगाव-धारवाड. घाटाच्या दोन्ही बाजूंना या रुळांखाली कुणाची ना कुणाची पोटं आहेत.

मीटरगेज

फोटो???

बँकर

धाग्यावर घाटाचं बोलणं निघालंय तर राहवत नाही. मी बँकर इंजिनांवर बरीच वर्षं काढली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. घाट चढताना गाडीला मागून रेटा द्यायला जी इंजिनं लावतात ती बँकर. उतरताना तीच गाडीला धरून ठेवतात. कुळ्याला लावायची, कॅसलरॉकला सोडायची.

या घाटाचा तीव्र चढ १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. आपल्या बोरघाटाचाही तेवढाच. कॅसलरॉक सहाशे मीटरच्या वर आहे, कुळे जवळपास पायथ्याला. सरळ रेषेत दोन्ही स्टेशनांमध्ये ११-१२ किलोमीटर, पण रुळांवरून २६. बाकीचे १४ किलोमीटर डोंगराची मनधरणी करण्यात जातात.

कुणाकडे याच भागाचं नवं १:५०,००० चं शीट असेल तर एक करून बघा. त्यावर कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, २० मीटरच्या अंतराने असतात. १:३७ च्या चढाला २० मीटर चढायला ७४० मीटर जावं लागतं, म्हणजे नकाशावर १४.८ मिलिमीटर. पट्टी लावा: रुळाची रेषा साधारण दर दीड सेंटीमीटरला एक कंटूर ओलांडत असेल तर तिथे गाडी पूर्ण जोर लावतेय. अंतर वाढलं तर ड्रायव्हर श्वास घेतोय. मी घरी बसून हे करतो आणि मला इंजिनचा आवाज ऐकू येतो.

नकाशानवीस

बँकर, सुरेख. फक्त एक पुस्ती. बोगदा, भराव आणि खोदाईच्या ठिकाणी हा हिशोब फसतो, कारण कंटूर मूळ जमिनीचा असतो, रुळाचा नव्हे. रूळ भरावावर असेल तर नकाशावर तो दरीतल्या कंटूरवरून गेल्यासारखा दिसतो. या घाटात बोगदे भरपूर, तेव्हा लांबचा पल्ला धरून सरासरी काढा.

सह्यवेडा

कॅसलरॉक नावात कॅसल आहे, पण तिथे किल्ला कुठे आहे? कुणी पाहिलाय का?

मिरजकर

टोपोशीटवर (सर्व्हेच्या अशा नकाशावर) किल्ल्याची खूण असते. पण शीटवर नाही म्हणजे किल्ला नाहीच, असं नाही. सर्व्हेवाल्यांच्या नजरेतूनही एखादी पडकी गढी सुटते.

सह्यवेडा

अवांतर: आम्ही पूर्वी कॅसलरॉकवरून रुळांनी चालत दूधसागरला जायचो. आता मनाई आहे आणि ती योग्यच आहे, कृपया कुणी जाऊ नका. बोगद्यात गाडी आली तर अंग चोरायला जागा नाही. पण बोगद्यातून बाहेर पडताना समोर पावसातला जो हिरवा उजेड यायचा तो विसरत नाही. तेव्हा कुणी सांगितलं असतं की आपण एकेकाळची आंतरराष्ट्रीय सीमा पायी ओलांडतोय, तर दोन मिनिटं थांबलो असतो.

गोंयकार कुळेचा

थांबायलाच हवं होतं. १९५५ च्या सत्याग्रहात याच वाटेने माणसं हातात फक्त तिरंगा घेऊन खाली आली. त्याच वर्षी भारताने गोव्याची नाकेबंदी केली आणि गाडी बंद पडली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यानंतरच पुन्हा दोन्ही बाजू जोडल्या गेल्या. आमचे वडील सांगायचे की त्या सहा वर्षांत रुळांवर गवत कमरेएवढं वाढलं होतं आणि कुळ्याची गुरं तिथे चरायची.

काळीनदी

मंडळी, उशीर झाला, माफ करा. फोटो टाकले आहेत, उजेड नीट नव्हता म्हणून दोनदा काढले. भिंग घेऊन आख्खा रविवार बसलो होतो.

नकाशानवीस काका, तुम्ही सांगितलेल्या तिन्ही जागा बघितल्या. वर डावीकडे स्पष्ट 'बॉम्बे प्रॉव्हिन्स' आहे. उजव्या कडेला रुळावर 'एम. अँड एस. एम.' अशी अक्षरं. आणि हो, आख्ख्या नकाशावर बारीक रेषांची चौकटींची जाळी आहे, आकडे समासात छापलेत. मी आजवर ती अक्षांश-रेखांशांचीच समजत होतो, पण ती किंचित तिरकी आहे!

गोंयकार, गवताचं वाचून आई रडली. आजोबांची बदली १९५५ नंतर लगेच झाली होती, का ते आम्हाला कधी कळलंच नव्हतं. गाडीच बंद पडली तर ऑफिसात माणसं कशाला ठेवतील!

नकाशानवीस

तिरकी आहे हे वाचलं आणि मी खुर्चीतून उठलो. ती यार्डांची लष्करी जाळी. तोफखान्याला आणि पलटणींना जागा आकड्यांत सांगता यावी म्हणून छापत. समासातले आकडे यार्डांत आहेत, मीटरमध्ये नाहीत. अशी शीटं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मोठ्या प्रमाणावर छापली गेली.

आता सगळं जोडा. 'प्रॉव्हिन्स' म्हणून १९३७ ते १९५०. एम. अँड एस. एम. ही कंपनी १९०८ पासून, आणि १४ एप्रिल १९५१ ला ती सदर्न रेल्वेत गेली, म्हणजे तेही बसतं. वर लष्करी जाळी. माझ्या मते तुमचा कागद युद्धकाळातला, १९४० च्या दशकाच्या पूर्वार्धातला. छापील साल मिळेपर्यंत शपथेवर सांगणार नाही, पण पैज लावायची तर मी यावर लावीन.

मिरजकर

पण लष्कराला कॅसलरॉकमध्ये काय रस? तिकडे ना जपान ना जर्मनी.

इतिहासवाचक

मिरजकर, उलट नकाशावर बघा. पोर्तुगाल युद्धात तटस्थ होता. म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानच्या पोटाला लागून एक तटस्थ बंदर, आणि त्याला जोडणारी एकच रेल्वे, ती कॅसलरॉकवरून. मुरगावात जर्मन जहाजं अडकून पडली होती. मार्च १९४३ मध्ये इंग्रजांच्या छुप्या टोळीने बंदरात शिरून एहरेनफेल्स जहाजावर हल्ला केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच बंदरात अमेरिका आणि जपानने एकमेकांचे अडकलेले नागरिक बदलून घेतले. एका बाजूला ग्रिप्सहोम जहाज, दुसऱ्या बाजूला तेईआ मारू. अशा गावाच्या दारावरच्या स्टेशनाचा नकाशा लष्कराकडे नसता तरच नवल.

पणजीची मैना

हे माहीत नव्हतं. आमच्या शाळेत मुरगाव म्हणजे फक्त खनिजाचं बंदर.

जीआयएसवाली

ज्यांना हा भाग बघायचा आहे पण आजोबांची ट्रंक नाही, त्यांच्यासाठी दोन मार्ग. एक, अमेरिकी लष्कराच्या नकाशासेवेने १९५० च्या दशकात भारताची यू-५०२ ही १:२,५०,००० ची मालिका काढली. ती टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने स्कॅन करून सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे. ती बव्हंशी सर्व्हे ऑफ इंडियाच्या पाव इंची (एक इंचाला चार मैल) नकाशांवरूनच बेतलेली. दोन, सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर खुल्या मालिकेची १:५०,००० ची शीटं पीडीएफमध्ये मिळतात.

काळीनदी, तुमचं शीट नीट स्कॅन करा, मी जिओरेफरन्स करून देते, म्हणजे त्याला खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवून देते. चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश माहीत आहेत, एक कोपरा गेला तरी उरलेल्या तिघांवर आणि जाळीच्या छेदांवर तो नीट बसतो. मग आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून बघू. एकच विनंती, लॅमिनेट करू नका!

पुस्तकवैद्य

जीआयएसवाली ताईंना पूर्ण दुजोरा. लॅमिनेशन, सेलोटेप, फेव्हिकॉल यांतलं काहीही नको. आधी वाळवी जिवंत आहे का बघा. पांढऱ्या कागदावर नकाशा हलकेच झटका, भुकटी पडते का ते दोन-तीन दिवस पाहा. मऊ कोरड्या ब्रशने मधून बाहेर अशी धूळ काढा. घडी पुन्हा घालू नका. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर आम्लविरहित कागद गुंडाळून त्यावर नकाशा गुंडाळा, चित्र बाहेरच्या बाजूला. कापडावर चिकटवलेले नकाशे असे ठेवले तर घड्यांच्या रेषा हळूहळू बसतात. खाल्लेला कोपरा मागून जपानी कागद आणि गव्हाच्या खळीने आधार देऊन थांबवता येतो, पण ते जाणकाराकडूनच.

मोलेकर

मला हा नकाशा वेगळ्याच कारणाने बघायचाय. याच घाटात दुसरी लाईन टाकायची योजना निघाली तेव्हा २०२० साली गोव्यात केवढं आंदोलन झालं! भगवान महावीर अभयारण्यातून, मोलेच्या जंगलातून ती जाणार होती. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २०२१ मध्ये विरोधात मत दिलं आणि मे २०२२ मध्ये न्यायालयाने त्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. १९४० च्या नकाशात जंगलाची कड कुठे होती आणि आज कुठे आहे, हे एकावर एक ठेवून बघता आलं तर मोलाचं काम होईल.

बँकर

मोलेकर, तुमची तळमळ समजते. पण एकपदरी घाटात गाडी क्रॉसिंगसाठी तासन् तास उभी असते तेव्हा आतल्या माणसांचे हाल मी पाहिलेत. तेही मोजा. जंगल तोडा असं मी म्हणत नाही. एवढंच सांगतो की रेल्वेवाले सगळे जंगलाचे वैरी नसतात. त्या घाटात गवा रुळावर आला तर हॉर्न न वाजवता थांबणारे ड्रायव्हर मला माहीत आहेत.

मोलेकर

बँकर दादा, तुमच्याबद्दल शंकाच नाही. असे ड्रायव्हर होते म्हणून ते गवे अजून आहेत.

ट्रॉलीवाला

धागा आज वाचला. पेन्सिलच्या रेघांबद्दल कुणी बोललंच नाही! काळीनदी, दोन रेघांमधलं अंतर मोजलंत का? साधारण तीन-चार इंच आहे का?

काळीनदी

हो! तीन इंच, सव्वातीन इंच, एके ठिकाणी पावणेचार. तुम्हाला कसं कळलं?

ट्रॉलीवाला

मी स्वतः पी.डब्ल्यू.आय. होतो, फार नंतरच्या काळात. त्या रूळ सांभाळणाऱ्या गँगच्या हद्दी आहेत. एक इंच म्हणजे एक मैल, म्हणजे प्रत्येक गँगकडे तीन ते चार मैलांचा पट्टा. त्या गँगचा मुकादम, त्याची माणसं, त्याची टूलबॉक्सची झोपडी. साहेब ट्रॉलीवरून निघायचा तेव्हा कुठला मुकादम कुठे भेटणार हे ऑफिसातल्या क्लार्कला पाठ असावं लागायचं, कारण पगारवाटपाला तोच बरोबर जायचा. या खुणा तुमच्या आजोबांच्याच हातच्या असणार. पगाराच्या दिवशी ते असाच नकाशा मांडीवर घेऊन ट्रॉलीवर बसलेले असतील, वर काळी छत्री, मागून दोघे ढकलतायत.

काळीनदी

काका, मी हे तीनदा वाचलं. आजोबांना आम्ही फक्त आरामखुर्चीत पाहिलंय.

नकाशानवीस

आणि कस्टमच्या शेडचं राहिलं. तीही निकालात काढू. एक इंची नकाशावर शंभर फूट लांबीची शेड म्हणजे अर्धा मिलिमीटर. ती स्टेशनाच्या चौकोनातच गडप होते. तेव्हा नकाशावर शोधू नका, माणसांत शोधा. पेन्सिलचं वर्तुळ नेमकं कशाभोवती आहे? भिंगाखाली रंग कुठला दिसतो?

काळीनदी

वर्तुळाच्या आत निळा ठिपका आहे, खसखशीएवढा. स्टेशनापासून पाव इंच, उत्तरेला.

नकाशानवीस

निळा म्हणजे पाणी. विहीर.

काळीनदी

काल रात्री आत्याला फोन लावला. ८६ वर्षांची आहे, धारवाडला असते. आधी शेडचं विचारलं. ती म्हणाली, "फलाटाच्या लोंढा जंक्शनाकडच्या टोकाला पत्र्याची लांब शेड. बाकं होती, आणि भिंतीवर दोन घड्याळं. आम्ही पोरं बाहेरून खिडकीत चढून पेट्या उघडताना बघायचो." इतिहासवाचक, टोकाला म्हणाली ती. तुमच्या तर्काशी जुळतंय.

मग विहिरीचं विचारलं. नकाशाचं काही सांगितलं नव्हतं, फक्त म्हटलं की स्टेशनाच्या वरच्या अंगाला विहीर होती का गं. थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "आपल्या दारातलीच ती. इंजिनाचं पाणी वेगळं, हे क्वार्टरवाल्यांचं. मार्चनंतर तळ दिसायचा, तेव्हा आई पहाटे चारला दोर घेऊन जायची, उजाडल्यावर गाळ यायचा म्हणून. तुझा बाबा झाला त्या दिवशीही तिने दोन कळशा आणल्या होत्या."

जीआयएसवाली ताई, स्कॅन उद्या पाठवतो. जाळीवर बसवाल तेव्हा तेवढा एक ठिपका आजच्या चित्रावर कुठे येतो, ते आधी सांगा. पावसाळा संपला की आत्याला घेऊन जायचं म्हणतोय.